एरवीचं बोलणं

ठाण्याच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर
बावीस वर्षं मी लोकांना शपथ देतोय.
ईश्वरसाक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही –
माझ्यामागून म्हणायचं.
म्हणतात. मग सुरू करतात.

त्या मंगळवारी उजगरेबाई आल्या साक्षीला.
कळव्याच्या नर्सबाई, निवृत्त,
करड्या साडीला काठ नाही, कानात काही नाही.
म्हणा, म्हटलं.
नाही म्हणणार, म्हणाल्या.
शपथेवरच खरं बोलायचं, तर
एरवीचं बोलणं काय दराचं?

वकील हसले. पंखा कुरकुरला.
साहेबांनी चष्मा वर सारला:
घ्या, प्रतिज्ञेवर घ्या. देव नको म्हणतायत.
देवाला नाही हो नको म्हटलं,
बाई हळूच म्हणाल्या. शपथेला म्हटलं.

मग जे पाहिलं ते सांगितलं.
सख्ख्या भाच्याच्या विरोधात गेलं.
पाणी मागितलं, प्यायल्या, जिना उतरल्या.

क्वेकर आहेत त्या, बाहेर कुणी म्हणालं,
एकमेकांना नुसतं मित्र म्हणतात.

पत्ता समन्सवर होताच.
रविवारी गेलो. का, ते बायकोनंही विचारलं.
खारेगावात तळमजला, दाराशी अकरा जोड चपला.
आत वेदी नाही, पाद्री नाही, पेटी नाही,
भिंतीवर औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर.
गोलात खुर्च्या. सगळे गप्प.
वाटलं, सुरू व्हायचंय.
दहा मिनिटांनी कळलं, सुरू आहे.

वरच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी.
पारसिकच्या बोगद्याकडून मालगाडी, लांबच लांब.
शांतवन भांबळ उठले, रबाळ्याच्या कंपनीत वॉचमन होते म्हणे.
परवा पाण्यावरून भांडलो शेजाऱ्याशी.
चूक माझी होती.
बसले.
कुणी असू द्या म्हटलं नाही,
कुणी मान हलवली नाही,
गप्पपणा परत मिटला त्यांच्यावर
खाडीचं पाणी होडीमागे मिटतं तसा.

आणि मला आठवली एक तारीख,
एका जुन्या फाइलीतली, माझ्याच अक्षरात,
तीनशे रुपयांत सहाची नऊ झालेली.
गुडघे उठायला लागले होते.
मी त्यांच्यावर हात दाबून धरले.

तासाभरानं शेजारच्यानं शेकहँड केला,
म्हणजे संपलं.
कपबशा वाजल्या.
साखर किती घेता, बाईंनी विचारलं.
एक चमचा, म्हटलं.

मला दोन लागतात.