साडेसहा नंबरचा हातमोजा

फिलोमिनानं कृती लिहून दिली होती
ताप-नाडीच्या तक्त्यामागे,
मेडिकलच्या तेवीस नंबर वॉर्डात, रात्रपाळीला,
तिसऱ्या खाटेवरचा म्हातारा झोपल्यावर.
बीट दोन किलो. साखर त्याहून थोडी कमी.
मूठभर गहू. दोन संत्र्यांची साल,
आतलं पांढरं खरवडून.
खाली रेघ मारून: घाई करू नको, रंगारी.

मी हसले होते. मला काय करायचं होतं त्याचं?
घरी रोज सकाळी वंदना,
पाचवं शील नेमानं.
तिलाही ते ठाऊक होतं.
नाताळात ती सगळ्यांना औषधाच्या इवल्या ग्लासात
घरची वाइन द्यायची,
मला केक. दोन तुकडे.

यंदा दिवाळी झाल्यावर अजनीहून तिचा फोन.
हात थरथरतात म्हणे, पातेलं उचलत नाही,
या नाताळात घरात वाइन नाही.
मागितलं काहीच नाही तिनं.
गुडघ्यांचं विचारलं, ठेवला.

मानेवाड्याच्या माझ्या अर्ध्या प्लॉटवर
पोळ्याच्या आठवड्यात टाकलेलं बीट
खाणारं कोणी नाही म्हणून माजलं होतं.
बीटाचं डोकं मातीबाहेरच असतं.
धरायचं, थोडं फिरवायचं, मग ओढायचं.
हे हातांना शिकवावं लागलं नाही.

चिरलं, उकळलं, गाळलं.
ओट्यावर, फरशीवर, नखांत असा रंग
की ऑपरेशन थिएटर आठवलं.
दोनदा हात धुतले कोपरापर्यंत.
तिसऱ्यांदा सवयीनं.

खमिराची पुडी सदरच्या बेकरीतून आणली.
बरणीच्या तोंडाला काय लावायचं?
कपाटात हातमोजे उरले होते, साडेसहा नंबर,
निवृत्तीच्या दिवशी कोणी मोजले नव्हते.
एका बोटाला सुईनं भोक पाडलं
आणि चढवला.

पहिल्या रात्री नुसता लोंबत होता.
दुसऱ्या दिवशी अंगठा हलला.
तिसऱ्या सकाळी वंदना म्हणता म्हणता
स्वयंपाकघराकडे नजर गेली, तर
पाची बोटं ताठ,
उत्तर येतंय म्हणून पोरगं बाकावरून उठतं तशी.
पाचव्या शीलाला माझा आवाज
जरा खाली गेला.

गजभियेबाई वाटी घेऊन आली साखर मागायला.
"सिस्टर, काय होऊन राहिलं वो त्या बरणीत?"
"पोट फुगलं तिचं."
"मंग ओवा द्या ना थोडा."

चाखायचं नव्हतं. मग कळणार कसं?
कान लावला. आधी तव्यावर पाणी शिंपडल्यागत,
मग मिनिटाला एक, मग मोजत बसावं लागलं.
वास घेतला. माती. नंतर पाव.
नंतर माझ्याजवळ शब्द नसलेलं काहीतरी.
तिच्याच तक्त्याच्या दर्शनी बाजूला
रोज एक टिंब देत गेले, रेघेनं जोडत गेले.
कुणाचा तरी जुना ताप तिथं आधीच होता,
एकशे तीनवर जाऊन अर्धवट सोडलेला.

अडतिसाव्या दिवशी हात खाली आला.
मी घड्याळात वेळ पाहिली
आणि लिहून ठेवली.

ऑटोत बाटली मांडीवर घेतली नाही.
गाळ ढवळू नये म्हणून
स्ट्रेचरसोबत धावताना सलाइन धरतात तशी
अधांतरी धरली, अजनीपर्यंत.
ऑटोवाला आरशातून बघून राहिला होता.
"अर्जंट आहे का मावशी?"
"नाही रे. आरामात चाल."

फिलोमिनानं ग्लास दोन्ही हातांत घेतला,
खिडकीकडे धरून पाहिला,
एक घोट घेतला आणि डोळे मिटले.
मागच्या रुळांवरून एक इंजिन
डबे न लावता गेलं.
"सांग ना."
"बीट लागून राहिलं, रंगारी. मातीच माती."
मग दुसरा घोट.
मग ग्लास पुढे केला. "ओत अजून."
मला बशीत केक, विकतचा,
दोन तुकडे.

परत येताना कॉटन मार्केटला उतरले,
बियाण्याच्या दुकानाशी.
पोळ्याला अजून आठ महिने.
बीट नको म्हटलं.
गाजर द्या.