जुनी खाच

लेम्पीनं ती विकली एकशे दहा डॉलरला,
वर तीन पाती फुकट,
आणि एक अट : गॅरेजातून मीच उचलून न्यायची.
ती आत येणार नव्हती.

उणे अठ्ठावीस. हिबिंगच्या रस्त्यावर
मिठानंही हात टेकलेले.
पिकअपच्या पाठीवर ती आडवी,
पत्र्याचे चार पाय, त्यातला एक आखूड.
दुकानातली सगळ्यात स्वस्त लोखंड कापायची करवत,
जिला आम्ही खाणीच्या कॅन्टीनमध्ये हसायचो :
हिच्यानं लोणी तरी सरळ कापेल का?

माझ्याकडे एक हीटर, एक बल्ब,
आणि उजवा खांदा, ज्यात आता
हॅकसॉचे चाळीस हेलपाटे मावत नाहीत.
दातओठ खाऊन कापायचे दिवस गेले.
आता दात तिचे.

गुण्या लावला. खोटं बोलत होती.
खाली येता येता डावीकडे झुकायची,
तिकडून कुणी हाक मारल्यासारखी.
झाकण उघडलं तर आत
आर्वोचं पेन्सिलीतलं अक्षर,
तेलानं तपकिरी :
ताण : अजून पाव फेरा.
मागचं बेअरिंग सैल, बघणे.
आणि खाली, दोनदा गिरवून :
दाबायचं नाही.

बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर केली,
बेअरिंगमागे सारली. पुन्हा गुण्या.
पुन्हा पाचर. रात्रीचे दीड.
शेवटी केसभर राहिलं,
ते मी तिला माफ केलं.

तिच्या पकडीत त्याचा गज तसाच होता.
चौकोनी, अर्धा कापलेला.
बाजूला खडूनं : सव्वाचौदा.
कशाला, कोण जाणे.

नवं पातं जुन्या खाचेत उतरत नाही.
हे दात गमावूनच कळतं.
झिजलेल्या दातांनी पाडलेली वाट अरुंद असते,
नवे दात तिथे अडतात, चिरडतात,
आणि तीस डॉलर कचऱ्यात.
म्हणून गज उलटा करायचा,
आणि पलीकडून निघायचं त्याच्या दिशेनं.

थेंबभर तेल. खटका.
आणि मग हात मागे.
अवघड होतं ते एवढंच.
तेवीस वर्षं मी दोनशे टनांचा डंपर चालवला,
हात मागे घ्यायला कुणी शिकवलं नव्हतं.
ती आपल्याच वजनानं उतरत गेली,
कीस पडत राहिला, कुरळा, गरम,
आणि मी खोक्यावर बसून कॉफी प्यायले,
काम चालू असताना,
जन्मात पहिल्यांदा.

अकरा मिनिटं.
टण्. तुकडा बादलीत,
आणि खाली टेकता टेकता
तिनं स्वतःच स्वतःचा खटका पाडला.
खाण बंद झाली तेव्हा
आम्हाला एक कागद आला होता, शुक्रवारी.
अशी हळूच खाली टेकून
कुणी सांगितलं नव्हतं :
कापून झालं, आता थांब.

तुकडा घेऊन लेम्पीकडे गेले.
स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला, वर्तमानपत्र घालून.
काय करत होता ह्याचं?
"काहीतरी कापतच असायचा," ती म्हणाली.
"मी कधी विचारलं नाही."

मग कापलेल्या तोंडावरून तिनं अंगठा फिरवला.
अर्धं त्याचं, थोडं तिरकं.
अर्धं माझं.
मधे थांबली. "हे काय लागतंय?"
पायरी, मी म्हटलं. दोन्ही काप
तंतोतंत भेटत नाहीत. कानशीनं घासून देते, हवं तर.

ती काही बोलली नाही.
नख तिथेच ठेवून बसली.
मागे किटली शिट्टी मारत होती,
आणि आम्ही दोघींपैकी
कुणीच उठत नव्हतं.