आउट

पथ्रोटच्या फाटकाशी, जिथं छोटी रेल्वे यायची थांबली
आणि रुळांच्या मधोमध तरोटा माजला,
तिथं माझ्या बापाचं टिनाचं दुकान.
पाटी नाही. दारात एक चाक टांगलेलं, तीच पाटी.

जिनिंगमध्ये एकवीस सीझन काढले त्यानं.
रेच्यांनी दोन्ही कान खाल्ले,
मग सायकली धरल्या.
चाकाले कान कायले लागते, म्हणायचा.
पण लागत होते. म्हणून मी.

वसंता येऊल आला पानमळ्यातून,
कॅरिअरवर पानांच्या दोन डालग्या.
"मिस्त्री, पान डागते. दचका बसला का काळं पडते.
वरचं हिरवं, खालचं मेलेलं.
बाजारातलं चाक घेतो तं दोन महिन्यात त्याचा आठ होते."

बापानं सायकल पाहिलीच नाही.
वसंताला म्हणाला, चालून दाखव.
मग म्हणाला, उजव्या पायानं जोर देतं तू.
डालगी कोन्या बाजूची भारी?
पानं भिजवून नेतं का कोरडी?
नाल्याच्या उतारावर बसून रायतं का उतरतं?
ओठ वाचून सगळं समजायचं त्याला,
पण वसंताच्या गालात खर्रा,
अर्धी उत्तरं मीच हातांनी सांगितली.

चाळीस तारा मोजून फडक्यावर मांडल्या.
हबच्या भोकात एक आतून, एक बाहेरून.
प्रत्येक तार दोघींच्या वरून जाते,
तिसरीच्या खालून निघते,
खाटेची सुतळी जशी.
निप्पलला जवसाच्या तेलाचं बोट.
दुसऱ्या दुकानात ग्रीस लावतात.
ग्रीस सोडते, बाप म्हणायचा, जवस धरते.
सुकलं का मंग तार आपली जागा विसरत नाई.

रिंगेजवळ खडू धरून चाक फिरवायचं.
जिथं पांढरं लागलं तिथं आउट.
तिकडची चावी पाव फेरा, इकडची तेवढीच उलट.
डोळ्यांचं काम तिथं संपायचं.

मग तो नखानं तार छेडायचा
आणि माझ्याकडे पाहायचा.
आवाज बारीक आला की माझा तळवा कपाळाशी,
जाड आला की पोटाशी.
चाळीसही तारा हनुवटीशी आल्या म्हणजे चाक झालं.

सतराव्या तारेला, वॉल्व्हपासून मोजली तर सतरावी,
फाटकावरून वरातीचा ट्रॅक्टर गेला, मागं डीजे.
काहीच ऐकू आलं नाही.
ऊन होतं, मला घरी जायचं होतं.
मी तळवा हनुवटीशी नेला.

तो पुढं गेला. अठरा, एकोणीस, चाळीस.
मग जोडीजोडीनं तारा मुठीत धरून दाबू लागला,
गायीची कास दाबावी तसा,
आणि सतराव्यावर मूठ थांबली.

ओरडला नाही.
चावी घेतली आणि सगळ्या चाळीस सैल केल्या.
सतरावीच कर ना, मी खुणेनं म्हटलं.
एक खोटी बोलली, तो म्हणाला,
तं बाजूच्या दोघी तिचं उचलते,
मंग त्याहीच्या बाजूच्या. कोन्ती खरी हाये आता?

दिवा लावून पुन्हा पहिलीपासून.
रस्त्यावर कुणी नव्हतं. फक्त रातकिडे,
त्यांचाही आवाज हनुवटीच्या जरासा वर.

वसंतानं तीनशे रुपये दिले, पन्नास उधार,
आणि केळीच्या पानात गुंडाळलेली शंभर पानं.
आईनं सगळी शेजारी वाटली. आमच्यात कोणी खात नाही.

आता दुकान माझ्याकडे. बाप स्टुलावर बसतो,
कोणाचं चाक डुलतं ते लांबूनच पाहतो,
न विचारता सांगतो.
पोरं गिअरच्या सायकली आणतात,
तयार चाक मागतात, खोक्यातलं.

वसंता हवा भरायला येतो.
फ्रेम दोनदा बदलली त्यानं, रिंग तांबडी झाली,
चाक तेच.
पंप लावताना मी वॉल्व्हपासून मोजत जाते,
सतरावीला नख लावते,
बाप दुसरीकडे पाहत असतो तेव्हाच.

हनुवटीशी.

हवेचे पाच रुपये तो दर वेळी विसरतो.
मी मागत नाही.