कळ

एप्रिल. कयानीत रस्त्याकडेचा बर्फ अजून काळा होऊन पडलेला,
आणि आमच्या शेडबाहेर गाड्यांची रांग:
खिळ्यांचे टायर उतरवायचे, उन्हाळ्याचे चढवायचे.

मी नवा. पहिल्याच आठवड्यात तीन टोप्या फोडल्या,
चाकाच्या ऐन मध्यावर बसतात त्या, तळहाताहून लहान.
फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला, पिळला,
टवका उडाला तो थेट तौनोच्या कॉफीत.
त्याने चमच्याने काढला, बाहीला पुसला,
खिडकीतल्या बरणीत टाकला.
बरणी निम्मी भरलेली. कुणाकुणाचे, मी विचारलं नाही.

मग म्हणाला,
समोरून उचकटतो तो घाईचा.
चाक निघणारच आहे ना? निघू दे आधी.
गुडघ्यांत उभं धर, एक हात पुढे, टोपी झेलायला.
मागून, तुंब्याच्या भोकातून
चिंधी गुंडाळलेला दांडा घाल,
आणि रेट. इथे थोडं, समोर थोडं, पुन्हा इथे.
गारठ्यात प्लास्टिकचं बिस्किट होतं,
किटलीतलं कोमट पाणी सोड त्यावर.
सात कळा असतात आत,
एकीवरच सगळा भार नको.
जरा कळ काढ.

दुपारी सिर्का कार्पिनेन आल्या. करडी स्टेशन वॅगन.
आजवर गाडी ओलावी आणायचा.
बाकावर बसल्या, मांडीत हातमोजे,
जाहिरातींचा पेपर उघडलेला, पान एकच.

तीन टोप्या शहाण्यासारख्या निघाल्या.
चौथीला दांडा लागला मात्र, आणि ती हातात आली,
सोबत बोटभर रुंद बर्चची साल,
कडं करून आत बसवलेली.
दोन कळा गायब. मोड जुना, कडा झिजून मऊ.
सालीवर पेन्सिलीने: मागचं डावं.

चौदा युरोला नवी मिळते, मी म्हणालो. हळूच म्हणालो.
तौनोने साल उजेडात धरली,
नखाने पेन्सिलीच्या रेघेपर्यंत गेला, थांबला.
मग तारेच्या ब्रशने भोकातला गंज काढत बसला,
एवढ्याशा भोकाला एवढा वेळ.
"भिजव," म्हणाला. "सुकी साल तडकते."

भिजवली. वाकवली. होती तशी बसवली.
टोपीची खाच व्हॉल्व्हकडे केली,
हातोडी नाही, उघडा तळहात ठेवला
आणि अंगाचा भार हळूहळू सोडला.
कट्. कट्. पाचदा.
उरलेल्या दोन जागी सालीने
आवाज न करता धरून ठेवलं.

पैसे देताना सिर्कांनी विचारलं,
"चारही आहेत ना? तो फार जपायचा."
"चारही," तौनो म्हणाला.

फाटकाशी वळेपर्यंत मी मागचं डावं चाक बघत होतो.
फिरायला लागल्यावर
कुठली कुणाची ते कळत नाही.

पुढची गाडी आत आली होती.
किटली भरायची होती.