चुन्याचा हात

फेब्रुवारीची बावीस तारीख.
खिडकीबाहेरच्या थर्मामीटरवर पारा अठरावर जाऊन बसलाय,
कुणी बोलावलं नसताना.
तिसा नदीवर यंदा बर्फ धरलाच नाही,
आणि चौकटीच्या फटीतून निघालेला ढालकिडा
काचेवर वर चढतो, पडतो, पुन्हा चढतो.

मी जर्दाळूपाशी उभी, हातात कात्री,
ती उघडलेली नाही.
कळ्या टचटचीत, टोकाला गुलाबी,
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
"अजून महिना आहे," मी म्हणते,
झाड ऐकून घेतं
म्हातारी माणसं ऐकून घेतात तसं.

कुंपणापलीकडे पिरोश्काने
गुलाबांच्या बुडाशी रचलेली माती सकाळीच उकरून काढली.
बाह्या वर, पायरीवर रेडिओ.
"ऊन आहे तोवर उरकून घे, एतेल्का.
गेल्या वर्षी बसलीस वाट बघत,
आणि गोणपाटात अंजीर सडलं."
सडलं नव्हतं. बुरशी आली होती.
पण एवढा फरक
कुंपणावरून ओरडून सांगता येत नाही.

ग्राझहून आम्ब्रुशचा फोन.
मागे करवतीचा आवाज, मग दार लावल्याचा.
"कशाला हात लावू नकोस. द्राक्षवेलीला तर मुळीच नको.
उशिरा छाटली की उशिरा जागी होते."
बरं, म्हटलं.
तो येणार होता नाताळला,
मग जानेवारी संपताना,
आता ईस्टर म्हणतोय.
उशिराचं मला कुणी शिकवायला नको.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या दुसऱ्या रात्री
सगळ्या गल्लीने ओला पेंढा जाळला होता.
धुरात आम्ही एकमेकांना खोकल्यावरून ओळखत होतो.
सकाळी फुलं जिथल्या तिथे,
पांढरी, शहाण्यासारखी.
वाचलं, असं पिरोश्का म्हणाली.
मी एक फूल नखाने उभं चिरलं.
मधोमध काळा ठिपका,
काडेपेटीची विझलेली काडी.
दुसरं चिरलं. तिसरं.
विसाव्यानंतर मोजायचं सोडलं.
त्या हिवाळ्यात जॅम दुकानातून आणला,
तो गोड होता, एवढंच.

तर मग,
वाटाणा पेरला. त्याला थंडीचं भय नाही,
त्याच्याबद्दल कुणाला विचारावंही लागत नाही.
अंजिराचं गोणपाट उत्तरेकडून वीतभर उसवलं,
वारा जाईल, ऊन जाणार नाही.
गुलाब राहू दिले मातीत.
वेलीकडे पाठ केली.
टोमॅटोच्या बियांचं पाकीट दोनदा हलवून पाहिलं
आणि परत डब्यात टाकलं.

राहिलं जर्दाळूचं झाड.
जुन्या बादलीत चुना कालवला,
दह्याइतका दाट,
आणि खोडापासून वर, हात पोचेल तिथवर
फांदीफांदीला फासत गेले.
पांढऱ्यावरून ऊन घसरतं म्हणतात,
झाडाला वाटतं अजून जानेवारीच आहे.
चार दिवस लांबेल फुलोरा. फार तर पाच.
खोटं बोलतेय त्याच्याशी, ब्रशने.

"लग्नाआधी पावडर लावतेस का त्याला?"
पिरोश्का हसली, मीही.
फोन वाजला.
चुना बोटांच्या भेगांत चावत होता,
हात कोपरापर्यंत भरलेले.
वाजू दिला.

संध्याकाळी आकाश एकदम स्वच्छ झालं,
नको तितकं.
जेवताना खिडकीच्या काचेला हात लावला,
गार.
पारा तीनवर, आणि उतरतोच आहे.

मग अंधारात कुंपणापलीकडे
फावड्याचा आवाज, दबका,
थांबून थांबून.
माती पुन्हा गुलाबांच्या अंगावर पडत होती.
रेडिओ बंद होता.

मी अंगणातला दिवा लावायला गेले होते,
तशीच अंधारात मागे फिरले.