काळं म्हणजे वारा

तिसऱ्या गेटापलीकडे, उद्यमबागेतल्या दवाखान्यात
एकवीस वर्षं मी तेवढंच बोलत आले आहे:
श्वास घ्या. धरा. सोडा.
उसिरु हिडीरी. बिडरी.
माणूस बघून भाषा निवडते. कधी चुकते,
छाती तरीही फुगतेच.

आज सकाळी भाच्यानं मोबाइलवर फोटो पाठवला.
सन्मती बेंगळूरला असतो, सूर्यावर त्याचा पगार चालतो.
'मावशी, हाही एक्स-रेच. वाचून दाखव.'

काळ्या पाटीवर काळाच गोळा,
आणि त्याच्या अंगावर, कडेकडेनं,
पेटत्या काथ्यासारख्या कमानी.
ज्याला आपण जन्मभर सूर्य म्हणतो
तो चेहरा यात उमटतच नाही,
हजारो अंशांनी जळूनही या डोळ्याला तो थंड.
दिसतं ते त्याच्या बाहेरचं,
लाखो अंशांचं, विरळ,
जवळजवळ नसल्यासारखं.

मध्यापेक्षा कड जास्त तापते.
बेळगावात हे कळायला
आकाशात यंत्र पाठवावं लागत नाही.

हवा हे किरण खाली येऊ देत नाही, तो म्हणाला,
म्हणून दुर्बीण हवेच्याही वर.
म्हणजे आपण सगळे
शिशाचं ॲप्रन घालूनच जन्मलोय तर.

मग आरशांचं सांगत बसला.
समोरून आले की हे किरण आरशात शिरतात,
परत येत नाहीत.
म्हणून आरसे त्यांच्या वाटेलाच धरून उभे करायचे,
बूड नसलेल्या डब्यांसारखे, एकात एक,
किरणानं नुसतं घासून जावं, जरासं वळावं.
मला खानापुरातला मलप्रभेचा काठ आठवला:
चपटी खापरी तिरपी मारली
की पाण्यावर चार-पाच उड्या,
सरळ टाकली की गडप.
कुणालाही थेट काही विचारायचं नाही
हे मी तिथंच शिकले असेन.

अकराला भरमा धामणेकर आला.
फौंड्रीत एकतीस वर्षं साच्यांची वाळू.
श्वास धरा, म्हटलं.
धरता आला नाही.
तिसऱ्या खेपेला कसाबसा.

छातीची फिल्म वाचणं अवघड नसतं.
काळं म्हणजे वारा,
पांढरं म्हणजे ज्यानं वाट अडवली ते.
भरमाच्या वरच्या दोन्ही अंगांना
पांढरं, बारीक,
चाळणीतून पडल्यासारखं.

त्याचं लक्ष मात्र टेबलावरच्या मोबाइलकडं.
'हे कुणाचं ओ, अक्का?'
'सूर्याचं.'
तो वाकला. भट्टी बघणाऱ्या माणसासारखे डोळे बारीक केले.
मी सांगितलं, आतल्यापेक्षा बाहेर कढत आहे.
'भट्टीभाईर जास्त? कसं काय?'
'अजून नीट कुणालाच ठाऊक नाही.'
'मिस्त्रीला इचारायचं की,' म्हणाला, आणि हसताना
खोकला लागला, बराच वेळ.

मग बोट ठेवलं
नेमकं वरच्या टोकाला, जिथं कमानी नाहीत,
गोळ्यावर मोठा काळा डाग.
'हितं काय झालंय? हितं कायच दिसूलं नाही.'
'तिथनं वारा सुटतो. सेकंदाला शेकडो किलोमीटर.
दोन-चार दिवसांत आपल्यापर्यंत येतो.'
'मग बरं हाय,' भरमा म्हणाला,
'त्याचं मोकळं हाय.'

पेटीच्या उजेडात त्याची फिल्म टांगलेलीच होती.
तिच्याकडं त्यानं पाहिलं,
विचारलं काहीच नाही.
मीही खापरी तिरपीच मारली:
'घरी चुलीजवळ कोण बसतं? जिना किती पायऱ्यांचा?'
कागदावर मराठीत नाव, कन्नडात पत्ता,
इंग्रजीत तो एक शब्द,
डॉक्टर वाचतील तो.

सन्मतीचा मेसेज पडून होता: 'वाचलंस का?'
लिहिलं: 'वरच्या बाजूला मोकळं आहे.'
पाठवलं नाही.

खिडकीतून गेट दिसतं. मालगाडीसाठी पडलेलं.
रांगेत रिक्षा, उसाचा ट्रॅक्टर, आणि पुढं एकटा भरमा
उन्हात मान वर करून,
डोळ्यांवर हात,
शर्टाची बटणं लावायची राहिलेली.