गिऱ्हाइकांचे कान

जेल रोडवर, जिथे आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात,
तिथे माझ्या नावाची पाटी होती : शलाका कॅसेट सेंटर.
दुकान आणि मी एकाच साली जन्मलो.
ते आधी गेलं.

उधारीची वही होती बाबांकडे, सगळ्यांकडेच असते.
दुसरी एक होती, लाल कापडी पुठ्ठ्याची,
तिच्यात रुपये नव्हते.
ताहेरभाई घडीवाले : सतार चालते. गाणारं कोणी नको.
हवालदार कुशवाह : भजन मागतात, कव्वाली द्यावी.
परांडेकर मास्तर : ऐकून परत आणतात. आणू द्यावी.
किबेबाई : विरहाचं काही देऊ नये, मार्चपर्यंत.

कुठल्या मार्चपर्यंत, ते लिहिलेलं नाही.

देवमाणूस वगैरे नव्हते बाबा.
कोऱ्या कॅसेटवर दोन रुपयांना एक गाणं भरून द्यायचे.
छाप्याची कुणकुण लागली की शटर अर्धं खाली,
माळ्यावर मी,
आणि माझ्या फ्रॉकखाली बारा कॅसेटी.
पडून राहिलेला माल
‘खास तुमच्यासाठी ठेवला होता’ म्हणत गळ्यात मारायचे.
ते वाक्य मी त्यांच्याकडून उचललं.
आता रोज संध्याकाळी साडेसहाला
ते लाखभर खिशांत एकदम थरथरतं.

मी विजयनगरला बसते, सातव्या मजल्यावर.
कोण कुठल्या सेकंदाला गाणं सोडून उठलं
ते पडद्यावर दिसतं, तापाच्या तक्त्यासारखं.
रात्री दोन वाजता एकच कडवं चाळीसदा ऐकणारं
असतं कोणीतरी, रोज असतं.
यंत्र त्याला त्याच रंगाची आणखी चाळीस काढून देतं.
मार्च त्याला कोणी शिकवलेला नाही.
जाणाऱ्यांना आम्ही गळती म्हणतो,
राहणाऱ्यांना लॉयल.
बाबांकडे दोन्हींना शब्द नव्हते.
‘येईल,’ म्हणायचे.
फार दिवस झाले तर, ‘बदली झाली असेल.’

परवा बाबांचा फोन वाजला.
मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा, फोन हातभर लांब धरून
त्यांनी मोठ्यांदा वाचलं :
‘बरेच दिवसांत आला नाहीत. सगळं ठीक ना?’
मग फोन तोंडाशी नेऊन सांगितलं,
‘डोळ्याचं ऑपरेशन होतं हो. आता बरं आहे.’

माझे हात कणकेत.
म्हटलं, बाबा, ते मी लिहिलंय.
‘मला?’
दोन लाख अकरा हजार लोकांना.
आकडा त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला,
सुपारी घोळवावी तसा.
‘मग उत्तरं कुठे ठेवता?’
उत्तर येत नाही. उघडलं की नाही, तेवढं कळतं.
‘म्हणजे पायरी चढला, पाहिलं, बोलला नाही.’
हो.
‘असायचे तसेही. काही तर नुसते पंख्याखाली उभे राहायचे.’

मग म्हणाले, लाव बघू, काय ठेवलंय माझ्यासाठी.
मी कोपरानेच दाबलं.
सारंगी निघाली, तिच्या मागून एक बाई,
दाराआडून बोलावं तशी गाणारी.
खरं सांगते, निवड चोख होती. कान आहे यंत्राला.
बाबांची मान हलली, समेवर बोट आलं,
आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर
तेच बोट काचेवर ठेवून त्यांनी बंद केलं.
‘हे किबेबाईंचं आहे.’

किबेबाईंना जाऊन एकवीस वर्षं झाली.
उद्या सातव्या मजल्यावर एक ठिपका उमटेल :
श्रोता, वय एक्क्याऐंशी,
अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला निघून गेला.
कारणाचा रकाना आमच्याकडे नाही.

बाबा चष्मा वर करून
भिंतीवरच्या कालनिर्णयाशी गेले, नाक टेकेल इतके जवळ,
आणि चौकोन मोजून परत येऊन बसले.
‘अजून बारा दिवस आहेत,’ म्हणाले.